मागच्या डाव्या दाराबद्दल

नाशिक, बुधवार रात्र

चि. अनू,
अनेक आशीर्वाद.

आईने आज तुझा निरोप सांगितला. ‘बाबांना विचार, गाडी धुवायची तरी कशी.’ मला थेट विचारलं नाहीस ते बरोबरच केलंस. रविवारी मी ज्या पद्धतीने तुझ्या हातातलं फडकं हिसकावून घेतलं, त्यानंतर मीही विचारलं नसतं. समोरचे काका गॅलरीत उभे होते, तेही मला दिसलं नाही. तू म्हणालीस, ‘बाबा, गाडी आहे, देव नाही,’ आणि तशीच निघालीस. आईने बांधलेला डबा ओट्यावरच राहिला.

फोनवर मला नीट सांगता येत नाही, मधेच आवाज चढतो. म्हणून हे लिहितोय. फक्त धुण्यापुसण्याबद्दल लिहीन. मागच्या डाव्या दाराबद्दल काही विचारणार नाही.

आधी एक कबुली देतो. ‘भांड्यांच्या साबणाने रंगाची वाट लावलीस’ असं मी ओरडलो, ते खरं नव्हतं. एकदा त्या साबणाने धुतलं म्हणून रंग जात नाही. वरचं मेण तेवढं निघून जातं आणि खालचा रंग उघडा पडतो. पण म्हणून तो वापरू नकोस. गाडीचा शाम्पू मिळतो, सौम्य असतो, दोन झाकणं एका बादलीला पुरतात. खरं नुकसान त्या पिवळ्या फडक्याने होतं, तेही कोरड्या. संध्याकाळच्या तिरक्या उन्हात बॉनेटकडे बघ, कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक गोल ओरखडे दिसतील. ते सगळे कोरडी धूळ पुसण्याचे आहेत. धूळ म्हणजे बारीक खडीच असते, आणि आपण ती फडक्याखाली धरून रंगावर फिरवतो.

तुला लहानपणापासून सांगत आलोय, तरी परत सांगतो. सातपूरला गाड्यांच्या पेंटशॉपमध्ये २६ वर्षं मी हेच पाहिलं. पत्र्यावर आधी फॉस्फेट, मग ईडीच्या, म्हणजे विजेने पहिला थर चढवायच्या टाकीत बुडवणं, मग प्रायमर, मग आपला लाल बेस, शेवटी क्लिअर, म्हणजे पारदर्शक थर. मधेमधे भट्टी, १४० अंश किंवा त्याहून जास्त. एवढं करून हा सगळा थर १००-१२० मायक्रॉनचा, म्हणजे झेरॉक्सच्या एका कागदाएवढा. त्यातला वरचा क्लिअर फक्त ४०-५०. ऊन, पाऊस, पक्ष्यांची घाण, सगळं तो एवढासा थर झेलतो. त्यावरचा ओरखडा भरून येत नाही. पॉलिश करणं म्हणजे ओरखडा भरणं नव्हे, त्याच्या आजूबाजूचा क्लिअर घासून त्याच्या पातळीला आणणं. दर पॉलिशला थोडा क्लिअर कायमचा जातो. म्हणून आधी ओरखडा पडूच द्यायचा नाही, हे माझं म्हणणं.

तर धुणं. उन्हात कधीच नाही. बॉनेटला हात लावून बघ, गरम असेल तर थांब. आधी चाकं, त्यांचं फडकं वेगळं आणि बादलीही वेगळी, कारण ब्रेकची काळी भुकटी तिथे बसलेली असते. मग नुसत्या पाण्याने गाडी भरपूर भिजव. तुमच्या सोसायटीत पाइप लावू देत नसतील तर झाडांवर फवारायचा हातपंप आण, तो पुरतो. मग दोन बादल्या, एक शाम्पूची, एक साध्या पाण्याची. मऊ मायक्रोफायबरचा हातमोजा शाम्पूत बुडव, छतापासून सुरू कर, सरळ रेषेत फिरव, गोल नको. एक पत्रा झाला की मोजा साध्या पाण्यात पिळून काढ, मगच परत शाम्पूत. दाराचा खालचा भाग सगळ्यात शेवटी, चिखल तिथेच असतो. मोजा खाली पडला तर तो त्या दिवसापुरता संपला. झटकून परत लावायचा नाही.

आणि लगेच पूस. आपल्याकडे गंगापूर धरणाचं पाणी येतं, तिथे तुमच्याकडे टँकर. टँकरचं पाणी वाळलं की क्षाराचे पांढरे गोल उमटतात, आणि उन्हात भाजले की क्लिअरमध्ये रुततात. मोठा टॉवेल पत्र्यावर पसरून टिपून घे, घासू नकोस.

पहाटे सगळ्या सोसायटीच्या गाड्या एकाच बादलीने पुसणारा मुलगा आहे ना, त्याला सांग, काचा आणि चाकं तेवढी कर. पैसे मात्र पूर्ण दे. चमक यावी म्हणून कुणी डिझेलचं बोट फिरवतो म्हणालं तर हात लावू देऊ नकोस.

हे वाचताना तू कंटाळलेली असणार. मी पानभर लेक्चर दिलंय, मला दिसतंय. तुझी टीम आहे, तू लोकांना कामं शिकवतेस, गाडीचे शेवटचे १४ हप्ते तू स्वतःच्या पगारातून भरलेस. जॉगिंग ट्रॅकवर मी हे इतक्या जणांना सांगितलंय की आई हात दाबते. तुला एवढं समजावून सांगायची गरज नाही, माहीत आहे. पण हात शिकलेला नसतो, अनू. डोक्याला कळतं आणि हात जुन्या सवयीने गोल फिरतो.

शुक्रवारी रात्री तू आलीस तेव्हा पाऊण वाजला होता. आई जागीच होती. संजूमामाचं तसं झाल्यापासून तिला गेटचा आवाज आल्याशिवाय झोप लागत नाही. मीही जागा होतो, पण उठलो नाही. शनिवारी पाच वाजता सवयीने खाली गेलो, टॉर्च घेऊन. डाव्या मागच्या दारावर, हँडलच्या खाली, वीतभर पांढरा रंग होता. दुसऱ्या गाडीचा. घासला जाऊन बसलेला, पुढच्या टोकाला पातळ आणि मागे जाड.

मी नख फिरवून पाहिलं. शॉपमध्ये आम्ही हेच करायचो. नख अडकलं तर ओरखडा बहुधा क्लिअरच्या पार गेलेला असतो. नाही अडकलं. मी तिथेच कट्ट्यावर बसलो. थोडं पॉलिश फडक्याला घेतलं आणि हळूहळू तो पांढरा काढला. वीस मिनिटं लागली. खाली आपला लाल जसाच्या तसा निघाला, दोन केसाएवढ्या रेघा राहिल्यात. तू उठलीस, चहा घेतलास, काही बोलली नाहीस. मीही नाही. आणि रविवारी सगळा राग त्या साबणावर निघाला.

विचारणार नाही म्हणालो होतो.

तू दोन वर्षांची असताना आई तुला आंघोळ घालून पावडर लावायची आणि तू हात वर करून माझ्याकडे धावायचीस. मी सकाळच्या शिफ्टला निघालेला असायचो. पेंटशॉपमध्ये सेंट, पावडर, काही लावून जायला मनाई होती. सिलिकॉनचा कण जरी ओल्या रंगावर पडला तरी रंग तिथून बाजूला सरकतो आणि माशाच्या डोळ्यासारखा खड्डा पडतो. आत डांगरी घालायचीच होती, पण मी भीतीने तुला उचलायचो नाही. लांबूनच हात हलवायचो. तू रडायचीस. रिटायर झालो त्या दिवशी सगळ्यांनी शॉपचे किस्से सांगितले, मला फक्त तेच आठवत होतं. हे तुला का सांगतोय कळत नाही. रंगाची एवढी काळजी घेतली म्हणून बहुतेक.

बरं. पावसाळा तोंडावर आलाय, त्याआधी मेण लाव. धुऊन पुसून झालं की हातात प्लॅस्टिकची पातळ पिशवी घालून रंगावरून फिरव. खरखर लागली तर तो चिकटलेला कचरा आहे, पाण्याने जात नाही. त्याला क्लेची, म्हणजे मऊ मातीसारखी वडी. डिकीत स्टेपनीशेजारी निळ्या डबीत एक ठेवलीय. शाम्पूचं पाणी शिंपडून अलगद घासायची, दाबायची नाही, मळली की घडी घालून स्वच्छ बाजू वर घ्यायची. तीही जमिनीवर पडली तर टाकून दे, महाग असली तरी. मग मेण, अगदी पातळ, एका वेळी एकच पत्रा. धुरकट झालं की स्वच्छ कापडाने काढ. जाड थराने जास्त टिकत नाही, नुसता हात दुखतो. कार्नौबाचं, म्हणजे ताडाच्या जातीच्या झाडाच्या पानांचं मेण दोनेक महिने राहतं, सीलंट, म्हणजे कृत्रिम मेण, त्याहून जास्त. सिरॅमिक कोटिंगवाले ‘९एच’ म्हणतात, ती पेन्सिलीच्या टोकाने मोजलेली कठिणता आहे. ट्रकच्या चाकाखालून उडालेला खडा त्याने थांबत नाही. करायचंच असेल तर कर, पण धुण्यातून सुटका नाही.

पॉलिशचं मशीन आत्ता घेऊ नकोस. पत्र्याला जिथे धार आहे, बॉनेटची रेघ, दाराची कड, तिथे रंग मुळात पातळ असतो आणि मशीन क्षणात प्रायमर दाखवतं. दिवाळीला ये, मी शेजारी उभा राहतो, मशीन तू धर. ओरडणार नाही.

गुलमोहराखाली लावतेस तिथून गाडी हलव. आंब्याखाली तर नकोच, चिकटा पडतो. पक्ष्याने घाण केली तर ओला टिश्यू दहा मिनिटं त्यावर ठेव, मग उचल. आणि शुक्रवारी आठनंतर निघू नकोस. शनिवारी पहाटे नीघ, चंदनापुरी घाट उजेडात लागेल. माईच्या डोळ्याचं सोमवारी आहे, त्यासाठी यायची घाई करू नकोस, आम्ही दोघं आहोत.

डबा परत पाठवता येत नाही, पण चटणी कुरिअर केलीय.

तुझा,
बाबा

ता. क. आई म्हणाली पत्रात ते काढूच नका. काढलं. आता एवढंच कळव. तेव्हा गाडी उभी होती की चालू होती?