सूचना : येत्या रविवारी इन्स्पेक्टर मेग्रे

सभासद मित्रमैत्रिणींनो,

येत्या रविवारी संध्याकाळी ५ वाजता वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये 'मेग्रे सेट्स अ ट्रॅप' दाखवणार आहोत. जॉर्ज सिमनॉन यांच्या फ्रेंच कादंबरीवरून आयटीव्ही या ब्रिटिश वाहिनीने केलेला हा दूरचित्रपट २०१६ साली प्रथम दाखवला गेला. लांबी साधारण दीड तास. (सिमनॉन लिहायचे फ्रेंचमध्ये, पण जन्माने बेल्जियन, लिएजचे. मागच्या वेळी यावरून वाद झाला होता, म्हणून आधीच सांगितलं.)

पॅरिसचा पोलीस अधिकारी मेग्रे याच्या भूमिकेत रोवन ॲटकिन्सन, म्हणजे आपला मिस्टर बीन! हसायची तयारी करून येऊ नका. इथे तो पाइप ओढत, माणसं न्याहाळत गप्प बसतो आणि ते त्याला छान जमलंय. कथा १९५५च्या पॅरिसमधली, पण चित्रीकरण बरंचसं बुडापेस्टमध्ये झालेलं आहे. पॅरिसच्या मोंमार्त्र भागात एकामागून एक बायकांचे खून होताहेत आणि मेग्रे सापळा लावतो.

काही गोष्टी पाळाव्यात :

- ५ला दार बंद होईल. सुरुवात चुकली तर पुढचं लागत नाही.
- संवाद इंग्रजीत आहेत, खाली इंग्रजी अक्षरंही येतील.
- कादंबरी वाचलेल्यांनी खुनी कोण ते सांगू नये, शेजारच्याच्या कानातसुद्धा नाही.
- विषय खुनांचा आहे, लहान मुलांना आणू नये.
- येणाऱ्यांनी शुक्रवारपर्यंत ग्रुपवर नाव टाकावं. खुर्च्या त्या हिशेबाने मांडू.

नंतर चहा आणि गप्पा. ब्रूनो क्रेमेरने मेग्रे साकारलेली फ्रेंच मालिका (१९९१–२००५) कुणी पाहिली असेल तर तुलना जरूर करा. मला स्वतःला क्रेमेरच जास्त पटतो.