मेन बोर्ड हलवल्यावर आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा खटका) बायपास केल्याबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक तक्रार विभाग

विषय : साखळी येथील घराचा मेन बोर्ड हलवून थ्री-फेज डीबी (घरभर वीज वाटणारी पेटी) बसवण्याच्या कामातील धोकादायक त्रुटी

महोदय,

आमच्या घराचा मेन बोर्ड वसरीतून (पडवीतून) आतल्या खोलीत हलवून नवी डीबी बसवायचं काम आपण मे महिन्यात घेतलं आणि पावसाच्या तोंडावर संपवलं. जुना बोर्ड लाकडी फळीवरचा, चिनी मातीच्या किटकॅट फ्यूजचा. फळीला मागून वाळवी आणि भिंतीला पावसाळाभर पाझर, त्यामुळे हलवणं भागच होतं. वीज खात्याने वाढीव लोड मंजूर करून थ्री-फेज मीटर वेळेत बसवला. मीटरच्या पुढचं सगळं काम आपलं, आणि तक्रार त्याचीच आहे.

पहिला जोराचा पाऊस झाला आणि आरसीसीबी पडू लागला, दिवसातून तीन-चार वेळा. आपला माणूस आला. ‘पावसात होतं असं, सेन्सिटिव्ह असतो तो,’ म्हणाला, अर्धा तास बोर्ड उघडून बसला आणि गेला. त्यानंतर एकदाही पडला नाही. आम्हीही खूश झालो, खोटं कशाला सांगू.

चवथीच्या आदल्या दिवशी गणपतीवरची फळाफुलांची माटोळी बांधताना भिंतीतल्या लोखंडी कडीला हात लागला आणि माझा धाकटा भाऊ शिडीवरून खाली आला. हातावर निभावलं. मी धावत जाऊन आरसीसीबीचं टेस्ट बटण दाबलं. टक् करून खटका खाली आला, पण घरातले दिवे आणि पंखे चालूच!

गावातल्या लायसन्सवाल्या इलेक्ट्रिशियनने मेन बंद करून कव्हर काढलं. घरात जाणाऱ्या तारा आरसीसीबीच्या खालून काढून थेट मेन स्विचला जोडलेल्या होत्या. आरसीसीबी नुसता शोभेला. ३० मिलीअँपिअरची गळती एमसीबीला (जादा करंट झाला की पडणाऱ्या साध्या खटक्याला) कळतही नाही, हे मला त्या दिवशी समजलं. आपल्या माणसाला ते जूनमध्येही ठाऊक असणार.

मग कडीच्या बाजूचं प्लास्टर फोडलं. बोर्ड लांब गेल्यामुळे जुन्या तारा पुरल्या नव्हत्या, तर नव्या ओढण्याऐवजी पीळ मारून, टेप गुंडाळून वाढवलेल्या आणि वरून लिंपून टाकलेल्या. जंक्शन बॉक्स नाही, पाइपही नाही. टेप ओलसर, आतलं तांबं हिरवं पडलेलं, आणि कडी त्यापासून जेमतेम दोन बोटांवर. आरसीसीबी जूनमध्ये याच गळतीमुळे पडत होता. आपण दोष शोधला नाही, दोष दाखवणारं यंत्रच बाजूला केलं.

अर्थिंगचंही सांगतो. कोटेशनमध्ये अडीच मीटरच्या जीआय पाइपचे दोन खड्डे लिहिले आहेत. प्रत्यक्षात एकच आहे, आणि त्या पाइपचा कापलेला सव्वा मीटरचा तुकडा मला माडाच्या आळ्यात मिळाला. खाली चिऱ्याचा दगड लागला असेल, मान्य. मग सांगायचं होतं, जागा बदलून दुसरीकडे खणता आलं असतं. बिल मात्र दोन्ही खड्ड्यांचं लावलं आहे.

आता एवढं करा. वाढवलेल्या सगळ्या तारा काढून डीबीपासून नव्या, अखंड तारा पाइपमधून ओढा. दोन्ही अर्थ पिट पूर्ण खोलीचे करा आणि अर्थिंगचं रीडिंग व इन्सुलेशन टेस्टचा रिपोर्ट आपल्या लायसन्सधारक सुपरवायझरच्या सहीने द्या. प्लास्टर आणि रंग आपल्या खर्चाने. एकूण ६८,००० रुपयांपैकी उरलेले १८,००० रिपोर्ट हातात पडल्यावरच मिळतील. पंधरा दिवसांत काम सुरू झालं नाही, तर फोटो आणि कापलेला पाइप घेऊन ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन.

सध्या आरसीसीबी परत जोडून घेतला आहे, आणि वसरी व देवघराची लाइन बंद ठेवली आहे. देवासमोर फक्त समई आहे. येण्याआधी फोन करा, आणि जूनमध्ये आलेला माणूस पाठवू नका.

आपला ग्राहक,
साखळी, डिचोली तालुका, गोवा

सोबत : कोटेशन आणि पावत्यांच्या प्रती, बोर्ड व भिंतीचे फोटो