भाववाचक नाम: व्याख्याच मुलांना चकवते

संपादक महोदय,

गोव्यातील बरीच मुले चौथीपर्यंत मराठीतून शिकतात आणि पाचवीत इंग्रजी माध्यमात जातात. तिथे ‘ॲब्स्ट्रॅक्ट नाउन’ म्हणजे भाववाचक नाम आले की एकच ओळ पाठ करून घेतली जाते: ज्याला हात लावता येत नाही ते. चुकांचे मूळ या ओळीत आहे. हवा हातात सापडत नाही म्हणून मूल ‘एअर’ भाववाचकात टाकते. ते तर पदार्थवाचक. उलट मानकुराद आंब्याचा गोडवा जिभेला लख्ख कळतो, तरीही ‘स्वीटनेस’ भाववाचकच.

त्यापेक्षा विचारावे, हे कोणाचे किंवा कशाचे? गोडवा आंब्याचा, धीटपणा मुलीचा. आंबा बाजूला ठेवून नुसता गोडवा टोपलीत भरता येत नाही, हवा मात्र फुग्यात भरता येते. गोडवा, गरिबी, माणुसकी, धैर्य यांचे शेवट वेगवेगळे असतात हे मुलांना मराठीतून ठाऊकच असते. मग ‘काइंडनेस’, ‘ऑनेस्टी’, ‘फ्रेंडशिप’, ‘चाइल्डहूड’ यांचे नवल वाटत नाही.

सर्वांत चिवट चूक ‘आय हॅव कॉन्फिडंट’ ही. ‘कॉन्फिडंट’ आणि ‘कॉन्फिडन्स’ कानाला जवळजवळ सारखेच लागतात, शेवट बोलताना गिळला जातो. फळ्यावर जोड्या लिहाव्यात: सायलंट–सायलेन्स, डिफरंट–डिफरन्स, इम्पॉर्टंट–इम्पॉर्टन्स. शेवटचा ‘टी’ जातो, ‘सीई’ येते. शंका आली तर आधी ‘व्हेरी’ लावून पाहावे. ‘व्हेरी कॉन्फिडंट’ जमते, ‘व्हेरी कॉन्फिडन्स’ अडखळते. अडखळले की ते नाम. स्पेलिंगमध्ये ‘ट्रू’चा ‘ई’ ‘ट्रुथ’मध्ये गळतो, ‘वाइज’चा ‘विजडम’मध्ये, इथे हमखास गुण जातात.

दुसरी अडचण अनेकवचनाची. मराठीत सल्ले देतात, म्हणून मूल ‘ॲडव्हाइसेस’ लिहिते. हवे ‘पीसेस ऑफ ॲडव्हाइस’. ‘इन्फर्मेशन’ सोपे, कारण ‘माहिती’चे अनेकवचन आपणही करत नाही. पण भाववाचकाला कधीच ‘एस’ लागत नाही असे सांगू नये, ‘आयडियाज’ बरोबरच आहे.

चाचणीत केवळ नाम अधोरेखित करायला लावू नये. ‘ऑनेस्ट’ आणि ‘ऑनेस्टी’ देऊन दोन वाक्ये लिहून घ्यावीत. ‘ही इज ऑनेस्टी’ असे उत्तर आले, तर त्या मुलाला कुठून पुन्हा शिकवायचे ते शिक्षकाला तिथेच कळते.

— एक इंग्रजी शिक्षक, डिचोली