गाडी लीजवर घेण्याआधी

चि. ओंकार यास,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेले दोन्ही कागद, एक लीजचा म्हणजे गाडी ठरावीक मुदतीसाठी भाड्याने घ्यायचा आणि दुसरा कर्ज काढून विकत घ्यायचा, नीट वाचले. लीजचा महिन्याचा हप्ता कर्जाच्या हप्त्यापेक्षा बराच कमी आहे, म्हणून तुझा कल तिकडे आहे हे कळलं. पण दोन्ही कागदांत हँड कंट्रोलचा, म्हणजे पायांऐवजी हाताने ब्रेक आणि अ‍ॅक्सिलरेटर चालवायच्या सोयीचा, एक शब्द नाही. व्हीलचेअर डिकीत चढवायच्या हॉइस्टचाही नाही. तुझा हिशेब तर तिथूनच सुरू होतो. गाडीला काय काय बसवायचं, ते कसं बसतं आणि पुढे मागमूस न ठेवता काढता येतं का, हे आधी ठरव. लीज की खरेदी हे त्यावरून आपोआप बरंचसं सुटेल.

आधी हँड कंट्रोल बघू. स्टेअरिंगखालून बाजूला येणारा तो एक दांडा असतो. पुढे ढकलला की ब्रेक लागतो. आपल्याकडे ओढला किंवा मांडीकडे दाबला की अ‍ॅक्सिलरेटर, जसा प्रकार असेल तसं. त्याचा ब्रॅकेट स्टेअरिंग कॉलमच्या खाली गाडीच्या मूळ बोल्टांवरच आवळता येतो आणि दोन सळ्या क्लॅम्पने पेडलांना धरतात. नीट काम करणारा फिटर शक्यतो नवं भोक पाडत नाही. अडचण येते ती गुडघ्यांसमोरच्या प्लॅस्टिकच्या कव्हरची. दांड्याला वाट द्यायला ते कापावं लागतं, आणि लीज संपताना गाडी तपासणारा माणूस पहिलं तेच बघतो. यावर साधा उपाय आहे. ते कव्हर सुटं नवं मागवायचं, कापायचं ते नवं, आणि मूळ कव्हर गुंडाळून घरी ठेवायचं. गाडी परत करताना मूळ कव्हर चढवलं की काम झालं. काढलेले बोल्ट, क्लिपा, पेडलची रबरं, सगळं एका खोक्यात घालून त्यावर गाडीचा नंबर लिहून ठेव. तीन वर्षांनी एक क्लिप सापडली नाही म्हणून आख्खा पॅनेल बदलल्याचं बिल येतं.

काही मॉडेलांत चालकाच्या गुडघ्यासमोरही एअरबॅग असते, नेमकी ब्रॅकेटच्या जागी. काही किट बसवताना ती काढावी किंवा बंद करावी लागते. लीज कंपन्या याला सहसा तयार होत नाहीत, आणि विमा कंपनीला तर ते कळवावंच लागतं. त्यामुळे मॉडेल पक्कं करायच्या आधी फिटरकडून लेखी घे: याच मॉडेलसाठी, याच वर्षाच्या गाडीसाठी किट आहे का, आणि एअरबॅगला हात लावावा लागेल का. बुकिंग करून मग फिटरकडे जाण्याचा क्रम उलटा आहे, आणि बहुतेक घोळ तिथेच होतात.

तुझ्या पायांना अधूनमधून झटके येतात, तेव्हा पेडलांसमोर आडवी बसणारी गार्डची पट्टी घेच. ती नसेल तर पाय आपसूक अ‍ॅक्सिलरेटरवर जाऊ शकतो. एका हाताने स्टेअरिंग फिरवायला गोल मूठ लागते, ती चाकाच्या कडेला क्लॅम्पने बसते आणि पाच मिनिटांत निघते. घरात दुसरं कोणी गाडी चालवणार असेल तर ती झटक्यात निघणारीच हवी. बाजारात पेडलांना स्वतःच चिमटवायची तात्पुरती हँड कंट्रोलही मिळतात. रोजच्या वापरासाठी ती घेऊ नकोस. त्यांचे हाताने आवळायचे नट सैल होतात, आणि क्लॅम्प सरकल्याचं कळतं ते जोरात ब्रेक लावायची वेळ आल्यावर.

हॉइस्टचं काम वेगळं आहे. त्याचा खांब सहसा डिकीच्या तळाला भोकं पाडून, खालून लोखंडी पट्टी देऊन बोल्टने बसवतात. वायर बॅटरीपासून स्वतंत्र फ्यूज घालून आणतात. गाडीच्या आधीच्या वायरिंगला मध्येच जोड मारू देऊ नकोस, कारण उद्या इलेक्ट्रिकल बिघाड झाला तर वॉरंटीवाले त्याच जोडाकडे बोट दाखवतील. हॉइस्ट काढल्यावर भोकं राहतात, रबरी बुचं लावली तरी ती भोकंच. म्हणून लीज कंपनीच्या परवानगीत ‘डिकीच्या तळाला भोकं’ हे शब्द स्पष्ट लिहिलेले पाहिजेत. ‘योग्य ते बदल करण्यास हरकत नाही’ एवढ्यावर समाधान मानू नकोस, गाडी परत करताना ‘योग्य’ काय ते तपासणारा ठरवतो.

आणि पुढे कधी व्हीलचेअरवर बसूनच गाडीत शिरायचं म्हटलंस, तर साध्या लीजचा विचार सोडून दे. त्या गाड्यांचा तळ कापून खाली घेतात, एक्झॉस्ट आणि काही वेळा इंधनाची टाकी हलवतात, मागचं सस्पेन्शन बदलतात. हे परत पूर्ववत होत नाही. अशी गाडी एकतर विकत घ्यायची, नाहीतर मुळातच अशा गाड्या भाड्याने देणाऱ्या योजनेतून घ्यायची. ब्रिटनमध्ये १९७७ साली सुरू झालेली मोटाबिलिटी योजना तशी आहे. सरकारकडून मिळणाऱ्या अपंगत्व भत्त्यातला प्रवासाचा भाग थेट लीजकडे वळतो, विमा आणि सर्व्हिसिंग त्यातच येतं, साधी गाडी तीन वर्षांसाठी आणि व्हीलचेअरसकट शिरायची गाडी पाच वर्षांसाठी मिळते. तिथे लीज हाच अनेकांचा सरळ मार्ग आहे, कारण बदल करायचे हे योजनेने धरलेलंच असतं. जिथे तसं नाही तिथे प्रत्येक स्क्रूची परवानगी आपणच काढायची असते.

इलेक्ट्रिक गाडीचं तू विचारलं होतंस. ऑटोमॅटिक असतेच, आणि अ‍ॅक्सिलरेटर सोडला की ती स्वतःच बरीच मंदावते, त्यामुळे हाताने ब्रेक ढकलायचे श्रम कमी होतात. खांद्यांना ते फार बरं. पण बॅटरी तळाशी असल्याने तो तळ कापणं अवघड जातं. शिवाय चार्जिंगची केबल जड असते आणि चार्जर बऱ्याचदा उंच चौथऱ्यावर उभा असतो, तिथवर खुर्चीतून हात पोचतो का हे प्रत्यक्ष जाऊन बघ. जुन्या इलेक्ट्रिक गाडीची किंमत किती पडेल याचा अंदाज अवघड असतो, तेव्हा घ्यायचीच असेल तर ती जोखीम लीज कंपनीच्या गळ्यात घातलेली मला पटते.

आता हप्त्याकडे वळू. गाडीची किंमत १०० धर. तीन वर्षांनी ती ५५ उरेल असं लीज कंपनीने धरलं आहे, आणि दोन्हीकडे व्याज १० टक्के आहे असं समज. लीजचे ३६ हप्ते मिळून साधारण ६९ होतात, कर्जाचे ११६. दिसायला फरक केवढा! पण ११६ भरल्यावर ५५ ची गाडी तुझ्या दारात असते, म्हणजे खरा खर्च ६१. लीज महाग पडलं ते यामुळे, की ज्या ५५ ची तू परतफेड करतच नाहीस त्यांचंही व्याज तीन वर्षं भरतोस. दुसरी बाजूही बघ. गाडी ४७ च्या खाली विकली गेली तर लीजच स्वस्त ठरलं असतं, कारण तो तोटा कंपनीने सोसला असता. इथपर्यंतचा हिशेब कोणत्याही ग्राहकाचा झाला. तुझ्यासाठी त्यात बदलांचा खर्च मिळवायचा. हँड कंट्रोल आणि हॉइस्ट मिळून ८ लागले आणि गाडी नऊ वर्षं वापरलीस, तर ते ८ एकदाच. तीन तीन वर्षांची लीज घेत गेलास तर तेच सामान दोनदा नव्या गाडीत हलवायचं, दर वेळी नवे ब्रॅकेट आणि मजुरी मिळून ३ धरले तरी ८ चे १४ होतात. वर प्रत्येक गाडी पूर्ववत करायचा खर्च वेगळा. आणि नव्या मॉडेलला जुना हॉइस्ट बसेलच असं नाही, डिकीचं तोंड अरुंद निघालं की नवाच घ्यावा लागतो.

करारात किलोमीटरची मर्यादा असते. तू ती ऑफिसच्या अंतरावरून काढली आहेस, ते कमी पडेल. दुसरे लोक जिथे चालत किंवा बसने जातात तिथेही तू गाडीनेच जाणार. दोन महिने सगळ्या फेऱ्या लिहून काढ, त्यात डॉक्टर आणि फिजिओथेरपी मिळव आणि त्यावर मर्यादा माग. सुरुवातीलाच जास्त किलोमीटर घेणं शेवटी दंड भरण्यापेक्षा सहसा स्वस्त पडतं.

गाडी परत करताना होणाऱ्या झीजेच्या दंडाबद्दल मात्र तुला नीट सावध करायचं आहे, कारण व्हीलचेअर वापरणाऱ्याच्या गाडीवर ठरावीक जागी खुणा उमटतात. दाराचा उंबरठा खुर्चीच्या चाकाने खरवडतो. तू सीटवर सरकतोस तेव्हा सीटची बाहेरची उंच कड दबते आणि तिचं कापड विरतं. खुर्ची उचलून मागे टाकतोस तेव्हा दारामागच्या खांबाचं प्लॅस्टिक आणि छताचं कापड घासतं, आणि हॉइस्टने लोंबकळती खुर्ची मागच्या बंपरला लागते. ‘नेहमीची झीज’ या व्याख्येत यातलं बरंचसं बसत नाही, त्याचे पैसे लागतात. गाडी ताब्यात येईल त्याच दिवशी उंबरठ्याला स्टीलची किंवा जाड रबराची पट्टी, बंपरच्या वरच्या कडेला पारदर्शक फिल्म आणि सीटला कव्हर घाल. मात्र सीटच्या बाजूला एअरबॅग असेल तर त्या बाजूने शिवण सुटणारं, एअरबॅगसाठी बनवलेलंच कव्हर घे, साधं कव्हर तिला अडवतं. विकत घेतलेल्या गाडीवर याच खुणांचं कोणी काही म्हणत नाही.

विम्यात बदल केलेली प्रत्येक गोष्ट बिलासकट नोंदवून घे, फिटिंगच्या मजुरीसह. लीजमध्ये गाडी कंपनीच्या नावावर असते. अपघातात ती टोटल लॉस झाली, म्हणजे दुरुस्त करण्याच्या पलीकडे गेली, तर विम्याचा चेक कंपनीकडे जातो. हँड कंट्रोल आणि हॉइस्ट तुझ्या मालकीचे आहेत आणि त्यांची भरपाई तुला मिळेल, हे पॉलिसीत आणि करारात दोन्हीकडे लिहिलेलं नसेल तर ते पैसे गेले. मिळालेली रक्कम करारातल्या बाकीपेक्षा कमी पडली तर फरकही तुलाच भरावा लागतो, त्यासाठी वेगळं गॅप कव्हर मिळतं, ते विचार.

लीजवाले ‘सर्व्हिसिंगच्या वेळी बदली गाडी मोफत’ असं मोठ्या अक्षरात लिहितात. त्या गाडीला हँड कंट्रोल नसतं, म्हणजे तुझ्या दृष्टीने ती नाहीच. त्याऐवजी गाडी घरून नेऊन त्याच दिवशी परत आणून देण्याची सोय, आणि रस्त्यात बंद पडली तर व्हीलचेअर मावेल असं वाहन पाठवायची हमी करारात घालून घे. वर्कशॉपला दर वेळी सांग की ब्रॅकेट सैल केला तर कळवा. गाडी हातात आल्यावर निघण्याआधी दांडा हलवून बघ: कुठे खडखडतो का, सळी कार्पेटला अडकते का, ब्रेक पूर्ण दाबला जातो का. ही तपासणी अर्ध्या मिनिटाची आहे, ती चुकवू नकोस.

राहिला तुझ्या तब्येतीचा भाग, आणि तो मला सगळ्यात जवळचा. पाठीची इजा आता स्थिर आहे, म्हणून गाडी नऊ वर्षं तशीच चालेल असं तू धरतोस. पण खुर्चीतून सीटवर जाताना सगळा भार खांद्यांवर येतो, आणि वर्षानुवर्षं तो येत राहिला की खांदे दुखावतात. आज चढता येणारी उंच सीट पाच वर्षांनी जड जाऊ शकते. त्यासाठी सीटची उंची तुझ्या खुर्चीच्या गादीइतकीच, शक्य तितकी बरोबरीची बघ. दार किती अंशांत उघडतं आणि खुर्ची सीटला किती जवळ लागते, हे टेप घेऊन मोज. शोरूममधल्या मोकळ्या जागेत सगळंच सोपं वाटतं. शेजारी दुसरी गाडी उभी करून बघ. लीज घेतलंस तर तब्येतीमुळे मुदतीआधी गाडी परत करावी लागली तर किती भरायचं, हे कलम शोध. पुष्कळ करारांत उरलेल्या हप्त्यांचा मोठा वाटा मागतात.

वजनही तपास. गाडीच्या कमाल वजनातून रिकाम्या गाडीचं वजन वजा कर. समजा ४५० किलो उरले. चार माणसांचे २८०, मोटरवाली खुर्ची १२०, हॉइस्ट आणि बाकी सामान ४०: झाले ४४०, बॅगा ठेवायला जागा उरली नाही. तुझी आत्ताची हलकी खुर्ची आहे तोवर प्रश्न नाही, पण मोटरवाली घेतलीस तर हे गणित पुन्हा कर.

माझं मत विचारशील तर, फक्त हँड कंट्रोल, मूठ आणि गार्ड एवढ्यावर तुझं भागत असेल, खुर्ची तू स्वतः उचलून आत घेत राहणार असशील, तर तीन वर्षांचं लीज घ्यायला हरकत नाही. पण हॉइस्ट लावायचाच असेल तर गाडी विकत घे. खांद्यांचा विचार करता हॉइस्ट लवकर लावावा असं मला वाटतं, म्हणून माझा कौल खरेदीला आहे.

आता हप्त्यांचं बोलणं थांबव आणि आधी ऑक्युपेशनल थेरपिस्टकडून, म्हणजे रोजची कामं कशी जमतील ते बघणाऱ्या तज्ज्ञाकडून, ड्रायव्हिंगची तपासणी करून घे. त्यांचा कागद घेऊन फिटरकडे जा, मग मॉडेल. लायसन्सवर आणि नोंदणीत बदलांची नोंद कशी करायची ते गाडी फिटरकडे जायच्या आधीच विचारून ठेव. करारनाम्याचा मसुदा आला की सही करू नकोस, झीज, मुदतीआधी परत आणि बदलांची परवानगी या तीन पानांचे फोटो मला पाठव. मी त्याच दिवशी वाचून कळवते.

तुझी,
आई