बाबा, हनुकाचा दिवा खिडकीतच लावतात

रायबंदर, गोवा
५ जानेवारी २०२५

ती. आई-बाबा,
शालोम.

हनुकाला, म्हणजे आपल्या आठ दिवसांच्या दिव्यांच्या सणाला, माझ्याकडे लोक जेवायला आले हे कळल्यावर फोनवर बाबा म्हणाले, "सण घरच्यांनी घरात करायचा असतो, त्याच्या पंगती उठवायच्या नसतात," आणि फोन आईकडे दिला. आईने काय काय तळलंस एवढंच विचारलं. बाबांशी फोनवर वाद घालण्यात अर्थ नसतो, ते मध्येच टीव्हीचा आवाज वाढवतात. म्हणून पत्र लिहितेय.

आधी बाबांचा मुद्दा. खोलीभर माणसं आणि त्यात बेने इस्राएल, म्हणजे आपल्या कोकणातल्या ज्यूंपैकी, मी एकटी, मग तो सण कसला, ती पार्टी. बाबा, सिनेगॉगमध्ये प्रार्थनेला दहा पुरुष लागतात हे कबूल. पण हनुकाला लावणारा एक असला की पुरे. उलट त्या दिव्याचा नियमच असा की तो बाहेरच्याला दिसला पाहिजे. दाराशी ठेवा, वर राहत असाल तर रस्त्याकडच्या खिडकीत ठेवा. काळ वाईट असेल तर आत टेबलावर ठेवलात तरी चालेल. हे मला तुम्हीच शिकवलंय. ठाण्यात आपला दिवा स्वयंपाकघराच्या भिंतीवर असतो, कारण हॉलच्या खिडकीला ग्रिल आणि ग्रिलमध्ये आईच्या कुंड्या. त्याचा धर्माशी काही संबंध नाही.

शिवाय खिरीचा सण, होळीचा सण, बिरड्याचा रोजा हे आपल्या लोकांनी कोकणात शेकडो वर्षं सांभाळलं, पण त्या जुन्या सणांत हनुका नव्हताच. तो आपल्याला मागाहून, शिकवणारे आले तेव्हा कळला. तुम्हीच अभिमानाने सांगता की आपण हनुका घडायच्याही आधी इस्राएलहून निघालो होतो. मग उशिरा आलेल्या या पाहुण्याच्या बाबतीत इतकं कडक कशाला?

माझी खिडकी तुम्ही फोटोत पाहिली आहे. जुन्या पद्धतीची, काचेऐवजी शिंपल्यांची तावदानं. बाहेर रस्ता, पलीकडे मांडवी, त्यापलीकडे दिवाडी. डिसेंबरात समोरच्या प्रत्येक बाल्कनीत नाताळचा तारा लटकलेला असतो. यंदा तर पहिला दिवा २५ डिसेंबरलाच आला, त्यामुळे रस्ताभर रोषणाई आणि आमच्या खिडकीत एक वात. जाणारे-येणारे वर बघत. घरमालकीण, म्हणजे आमची बाय, दुसऱ्या दिवशी वर आली. "कितें गो हें? नाताळ काल जालें, तुजें आतां सुरू?" मी म्हटलं, आठ दिवस चालतं. तिला ते फार आवडलं. नाताळही आठ दिवस करायला हवा म्हणाली, पण स्वयंपाक दुसऱ्या कुणीतरी करायचा.

तिथून हे जेवण ठरलं. मी नाही, बायने ठरवलं. रविवारी, २९ तारखेला, पाचव्या दिव्याला.

दिव्याचं सांगते, कारण आईला तेच हवं असणार. मी मेणबत्त्या घेतल्या नाहीत. आजीकडे लाकडी फळीवर डेव्हिडचा तारा आणि त्यात पेले अडकवायच्या पितळी कड्या होत्या ना, तसं काही इथे मिळेना. बायने तिच्या नवऱ्याचे फेणीचे छोटे ग्लास काढून दिले, आठ. शामाश, म्हणजे बाकीचे दिवे लावायचा दिवा, म्हणून वर एक पणती. ग्लासात निम्मं पाणी, वर बोटभर खोबरेल, त्यात पत्र्याच्या तिकाटण्यावर वात. वाती डिचोलीच्या वहिनींनी वळल्या. त्यांना देवापुढच्या फुलवातींची सवय, म्हणून पहिल्या चार-पाच आखूड झाल्या आणि पाण्याशी चर्रर करून विझल्या. मग लांब वळल्या. तेल घाण्यावरचं आणलं होतं. बाटली रात्री स्वयंपाकघरात ठेवली तर सकाळी पांढरी गोठलेली; इथे डिसेंबरच्या पहाटे तेवढा गारठा असतो. आम्ही तेली जातीचे, शनिवारी घाणा बंद ठेवायचो म्हणून गावात शनिवार तेली म्हणत, हे मी वहिनींना सांगत होते आणि इकडे तेलाची बाटली उन्हात वितळायला ठेवली होती. त्या म्हणाल्या, तेल्याच्या घरी तेल गोठलं, आता काय बोलायचं!

जेवणात मटण नाही, कोंबडी नाही. आपल्या पद्धतीने कापलेलं इथे मिळत नाही, आणि मासळीच्या गावात त्याची उणीवही भासत नाही. पण पाहुण्यांना आधीच सांगितलं होतं: कोळंबी नको, तिसऱ्या नकोत, चोरीस, ते डुकराचं सॉसेज, तर नकोच. बायचा चेहरा पडला. सुंगटांशिवाय, म्हणजे कोळंबीशिवाय, पाहुणे बोलवायचे म्हणजे तिच्या मते अपमान. शेवटी विसवण, म्हणजे सुरमई, तळली, बांगड्याला रेशाद मसाला भरून घेतला, खवले-पर असलेली मासळी म्हणून दोन्ही चालतात. बायच्या नेवऱ्या, म्हणजे करंज्या, तुपात तळल्या आहेत ना, हे मी दोनदा विचारलं, आणि दुसऱ्यांदा तिने डोळे वटारले. दोदोल तिने आणला तो तांदूळपीठ, नारळाचा रस आणि माडाचा गूळ, त्यात विचारण्यासारखं काही नव्हतं. आपल्या चिकाच्या हलव्याचा चुलतभाऊ आहे तो, आई, फक्त काळाकुट्ट.

आणि बटाट्याचे लाटके. किसून, फडक्यात घट्ट पिळून, कांदा, अंडं, मीठ, मिरी. बस. डिचोलीच्या वहिनींनी हळूच हिरवी मिरची आणि कोथिंबीर टाकली, मी बघून न बघितल्यासारखं केलं. तेच सगळ्यात आधी संपले.

आता खरी गोष्ट. आम्ही चौघी-पाच जणी स्वयंपाकघरात, आणि डिचोलीचे भाऊ झारा धरून उभे. कुणीतरी विचारलं, गोव्यात तुमचे लोक कधी होते का? मी म्हटलं, होते, पण सांगायची सोय नव्हती. पणजीत चर्चसमोरची बाग ज्याच्या नावाची, तो गार्सिया द ओर्ता. त्याचे आई-वडील पोर्तुगालात सक्तीने ख्रिस्ती केलेले ज्यू. तो इथे डॉक्टर म्हणून नावाजला, इथल्या औषधी वनस्पतींवर पुस्तक लिहिलं, ते १५६३मध्ये गोव्यातच छापलं. १५६८मध्ये अंथरुणात मेला, म्हणून सुटला म्हणायचं, तर पुढच्या वर्षी त्याच्या बहिणीला जिवंत जाळलं आणि १५८०मध्ये त्याची हाडं उकरून जाळली. हे सगळं इथून चार-पाच किलोमीटरवर, जुन्या गोव्यात. इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, १५६०मध्ये आलं ते १८१२मध्ये कायमचं गेलं. शुक्रवारी स्वच्छ चादर घातली, डुकराचं मांस ताटात नको म्हटलं, एवढ्यावर शेजारी चुगली करू शकत.

भाऊ झाऱ्यावर लाटका तसाच धरून म्हणाले, आमचा मंगेशही त्याच सुमारास रात्रीतून कुठ्ठाळीहून नदीपार नेला, म्हणून आज प्रियोळला आहे. त्यांच्या घरात अजून सांगतात कुणाच्या पूर्वजाने पालखीला खांदा दिला. (असे खांदे देणारे मी आतापर्यंत इतके ऐकलेत की पालखी फार मोठी असावी.) मग सगळ्यांनी बायकडे न बघण्याचा प्रयत्न केला. ती कांदा चिरत होती. मान वर न करता म्हणाली, "आमकां कोणें विचारिल्लें?" तिचे पूर्वजही त्याच कुठ्ठाळीकडचे. देव गेला, ते राहिले, आणि जमीन सोडवेना म्हणून बाप्तिस्मा घेतला असं तिच्या आजीने सांगितलेलं. पुढे ती काही बोलली नाही. कांदा मात्र गरजेपेक्षा बराच जास्त चिरला.

बाबा, तुम्ही विचाराल की या लोकांना आपल्या दिव्याचं काय पडलंय. पण त्या स्वयंपाकघरात असं एकही माणूस नव्हतं ज्याच्या घरात कधी ना कधी काहीतरी लपवून ठेवावं लागलं नव्हतं. म्हणून सव्वासहाच्या सुमारास अंधारू लागल्यावर मी ती तावदानं पूर्ण उघडली. वारा होता, दोनदा शामाश विझला. लावला परत.

प्रार्थना मी तुमच्या चालीत म्हटली. आमच्यात एक इस्रायली मुलगी होती, ऑफिसमधल्या मैत्रिणीच्या ओळखीची, लष्करातून सुटून हरमलला येऊन राहिलेली. तिने ऐकून विचारलं, ही चाल कुठली? आणि मग तेच, तुम्हाला राग आणणारं: "तू खरंच ज्यू आहेस?" मी तिला १९६४चा ठराव सांगितला. तुमच्या लहानपणी हाच प्रश्न तिथल्या रब्बींनी आपल्या सगळ्या लोकांना विचारला होता आणि शेवटी त्यांच्या संसदेला सांगावं लागलं की हे पूर्ण ज्यू आहेत. तिला हे शाळेत शिकवलेलं नव्हतं. पण तिच्या तुकडीत एक पेणकर होता म्हणाली. मी पेण, किहीम, नवगाव सगळं नकाशावर दाखवलं. डिचोलीचे भाऊ खूश, म्हणजे तुम्ही पण आमच्यासारखेच 'कर'!

एक गोष्ट मी गोड करून सांगणार नाही. वाळपईचा माझा सहकारी आणि त्याची बायको आले होते, येताना खजूर घेऊन. गाझाच्या युद्धाचा विषय निघणारच होता, निघाला. वाळपईच्या वहिनी म्हणाल्या, तिकडची लेकरं टीव्हीवर बघवत नाहीत. ती मुलगी म्हणाली, माझ्या वर्गातला एक जण परत आला नाही. दोघींपैकी कुणीच शब्द मागे घेतला नाही. मी मध्ये पडले नाही, यजमानीण होते म्हणून सरपंच व्हायचं मला काही कारण नव्हतं. जेवताना दोघी लांब लांब बसल्या. मात्र निघताना वहिनींनी मला विचारलं की हा सण लढाईचा की तेलाचा? मी म्हटलं, दोन्हीचा. आंतिओखस राजाने मंदिर बाटवलं, मक्काबी लढले, मंदिर परत घेतलं. एका दिवसाचं तेल आठ दिवस जळल्याची गोष्ट मक्काबींच्या जुन्या इतिहासात येत नाही, ती नंतर तालमूदमध्ये, रब्बींच्या ग्रंथात, येते. "म्हणजे शहाण्यांनी लढाईवर तेल ओतलं," असं त्या म्हणाल्या. त्याचा अर्थ दोन्हीकडून लागतो, मला अजून ठरवता आलेलं नाही. तुम्हाला काय वाटतं?

मुलांसाठी पुठ्ठ्याचा भोवरा केला होता, नून, गिमेल, हे, शिन लिहून. डावावर खारे काजू. गिमेल पडला की सगळे काजू उचलायचे हे कळल्यावर हिब्रू अक्षर ओळखायला कुणालाही पाच मिनिटं लागली नाहीत. खालच्या गल्लीतली पोरं वर्षअखेरीला जाळायच्या पेंढ्याच्या म्हाताऱ्यासाठी पैसे मागायला वर आली होती, तीही बसली आणि डाव जिंकून गेली.

आमच्या मास्तरांनी एक शंका काढली ती बाबांसाठी राखून ठेवलीय. पहिल्या दिवशी सगळे आठ लावून रोज एक कमी का करत नाही? तेल तर रोज कमीच होत होतं. मी सांगितलं, जुन्या रब्बींपैकी शम्मायच्या पंथाचे हेच म्हणायचे, पण हिल्लेलच्या पंथाचं चाललं, पवित्र गोष्टीत वाढवत जायचं, घटवायचं नाही. मास्तरांना शम्मायचं गणित जास्त पटलं. तुमच्याशी वाद घालायला ते उत्सुक आहेत.

तर आता मुद्द्याचं. १३ फेब्रुवारीला 'तू बिश्वात', आपला झाडांचा सण आहे. एलियाहू हन्नबीच्या, म्हणजे प्रेषित एलियाच्या, नावाने मलिदा, ते पोह्या-फळांचं ताट, करायचा म्हणतेय, याच सगळ्यांना बोलावून. हनुका एकटीने लावता येतो, पण मलिद्याच्या ताटावर बाबांनीच म्हणायला हवं, मला सगळं येत नाही आणि फोनवर ठेवून म्हणवून घेणं बरं दिसत नाही. ठाण्याहून मांडवी एक्सप्रेस पकडा, करमळीला उतरा, तिथून घर जवळच आहे, मी स्टेशनवर येते. बाबांच्या गुडघ्यासाठी खालचा बर्थ मागून ठेवते, जिना मात्र चढावा लागेल, त्याला कठडा आहे. बायने तिची खालची खोली देऊ केलीय, तेव्हा जिन्याचं कारण सांगू नका.

आई, येताना बाबांचं मराठी अक्षरांतलं प्रार्थनेचं पुस्तक आण. पाच फळांपैकी खजूर आणि केळी इथली, बाकीची बघते. नारळ आणू नकोस, कृपा कर, गोव्यात कुणी नारळ घेऊन येत नाही. आणि मलिद्याला पोहे जाडे घेतेस की पातळ, तेवढं लगेच कळव, म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात घेऊन ठेवते.

तुमची,
धाकटी