कॅसेट तुझ्याकडेच आहे ना?

लागोस, रविवार, रात्री उशिरा

प्रिय सुध्या,

शिव्या घालतच पत्र उघडलं असशील. घाल. मावशी गेल्या तेव्हा मी दोन ओळींचा मेसेज टाकला आणि फोन पालथा ठेवला. त्याला सबब नाही. तब्येत ठीक. साखर जरा वर, गोळ्या चालू.

आज ऑफिसातल्या पोरांनी मला इकेजातल्या न्यू आफ्रिका श्राइनला ओढून नेलं. फेला कुटी या इथल्या गायकाच्या माघारी फेमी आणि येनी या त्याच्या मुलांनी 2000 साली उभं केलेलं ठिकाण. भलीमोठी शेड, बिअर, घाम, आणि ब्रास असा वाजतो की छातीत वरात शिरल्यासारखं होतं. तुझा ताशा तिथे खपला असता. लय सोडून पळायची तुझी खोड मात्र तिथे कुणी खपवून घेतली नसती.

शेजारचा पोरगा खानदान सांगत होता. फेलाचे आजोबा पाद्री. त्यांनी 1922 साली लंडनला जाऊन योरुबा स्तोत्रं ग्रामोफोनवर गायली. नातू सरकारला शिव्या देणारी गाणी करायला लागला. 1977 साली सैन्यानं त्याचं घर जाळलं, म्हाताऱ्या आईला खिडकीतून खाली फेकलं. ती पुढच्या वर्षी गेली. घराबरोबर टेपाही जळाल्या म्हणतात.

तुझ्यामुळे आमच्या अण्णांच्या क्लॅरोनेटच्या कॅसेटची एक बाजू गेली ती मला तिथेच आठवली. बी साइडवर तू क्रिकेटची कॉमेंट्री भरलीस, आणि वर ‘कोरी वाटली’ म्हणालास! त्या भांडणात मीच बरोबर होतो, हे आता तरी कबूल कर.

फेमी बापाच्या बँडमध्ये वाजवायचा. 1986 साली बाहेर पडून त्यानं स्वतःचा बँड काढला आणि बापलेकांचं बोलणं बंद झालं. मी गप्पच झालो. मी तर बँडही काढला नाही. देशमुखांच्या वरातीत, ऐन चौकात, क्लॅरोनेट तुझ्या हातात कोंबलं आणि एसटी पकडली. अण्णांनी लग्न पार पाडलं, सुपारीचे पैसे वाटले, माझा वाटाही आईकडे दिला. पुढे चार वर्षं माझ्याशी बोलले नाहीत.

आता खरी गोष्ट. चिन्मयचा फोन आला होता. लॅपटॉपवर काहीतरी करतोय, त्यात त्याला आजोबांचं क्लॅरोनेट घालायचंय. ‘बाबा, कॅसेट कुठंय? आणि चालेल ना तुम्हाला?’ तीन आठवडे झाले, मी उत्तर दिलेलं नाही. इथे फेमीच्या पोरानं, मादेनं, लंडनला शिकून आल्यावर 2021 मध्ये आपला पहिला अल्बम काढला. त्यातली सगळी वाद्यं त्यानं एकट्यानं वाजवली, आणि तो बापाच्या अल्बमसोबत जोडीनं निघाला. म्हणजे मधे बाप होता रे. आमच्याकडे मधे काय आहे? एक एसटीचं तिकीट. मी कुठल्या तोंडानं ‘चालेल’ म्हणू? आणि ‘नाही’ तरी कुठल्या तोंडानं?

शिवाय त्या टेपवर दुसरं क्लॅरोनेट माझं आहे. मधेच अण्णा ओरडतात, ‘पक्या, झोपलास काय!’ ते पोराच्या गाण्यात यायला नको असं वाटतं. आणि त्यानं तेवढंच कापून टाकलं तर, असंही वाटतं. हे दुसऱ्या कुणाला सांगितलं तर हसेल. तूही हसशील, पण तू तिथे होतास.

दुकान कसं चाललंय? राणीचं जमलं म्हणे, अभिनंदन. बँड लाव, डीजे नको. बाळूकाकांचा गुडघा कसा आहे, विचारलंय म्हणून सांग.

कॅसेट माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेत असेल, युनिफॉर्मच्या खाली. चिन्मय शनिवारी येईल, त्याला दे. मी अजून ‘चालेल’ म्हटलेलं नाही, पण दे. आणि चहा पाजताना एसटीची गोष्ट तू सांगू नकोस, मीच सांगेन. लगेच वाजवू नका, फीत चिकटली असेल. आधी पेन्सिल घालून हातानं शेवटपर्यंत फिरव, मग परत मागे.

तुझा,
पक्या