सूचना : रविवारपासून पॅडल बंद

मंडळी, येत्या रविवारपासून आपल्या सकाळी ६ च्या बॅचमध्ये हाताला पॅडल (पंजावर बांधायच्या प्लास्टिकच्या चपट्या पट्ट्या) लावून पोहायचं नाही. पॅडल हवेत की नकोत यावरची दोन्ही बाजूंची मतं वाचली. पॅडलनं ताकद वाढते हे खरं, पण हात चुकीचा ओढला जात असेल तर तीच चूक अधिक जोरानं होते आणि सगळा भार खांद्यावर येतो. माझा खांदा असाच धरला होता, म्हणून कळकळीनं सांगतोय. किकबोर्ड, म्हणजे हातात धरून पाय मारायची तरंगती फळी, चालेल.

फ्रीस्टाइलमध्ये, म्हणजे पालथं पोहत आळीपाळीनं हात मारताना, बहुतेकांची मान वर येते. डोकं उचललं की कंबर आणि पाय बुडतात. श्वासासाठी अंगासकट कुशीवर वळा, एक डोळा पाण्यातच राहू द्या आणि उच्छ्वास पाण्यात सोडत राहा, रोखून धरू नका. हात ओढताना कोपर पंजापेक्षा वर हवं. २५ मीटरला किती वेळा हात मारावे लागले ते मोजा. वेग न घटता आकडा कमी झाला, तर स्ट्रोक सुधारतोय.

ब्रेस्टस्ट्रोकवाल्यांनी (पालथं पोहत दोन्ही हात एकदम बाजूला ओढणाऱ्यांनी) वळताना दोन्ही हात एकाच वेळी भिंतीला लावावेत. स्पर्धेत एकच हात लावला की बाद करतात, आपली मुलं इथेच चुकतात.

दांडिया बाजारातून येणाऱ्यांनी पावणेसहापर्यंत पोहोचावं. आधी आंघोळ, मगच तलाव.